जिला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिला विचारावे का?

प्रश्न : मी इंदूरच्या सुदामा नगरात राहते. वय ४६. घरी शिवणाचे वर्ग घेते. दीड वर्षापूर्वी मैत्रिणीच्या आग्रहावरून एका नेटवर्क मार्केटिंग कंपनीत, म्हणजे जिथे विकणाऱ्यांनीच पुढे आणखी विक्रेते जोडायचे अशा कंपनीत, विक्रेती म्हणून आयडी घेतला. साबण, कपडे धुण्याचे लिक्विड, प्रोटीन पावडर अशा वस्तू आहेत आणि त्या मला खरोखर आवडतात. दहा-बारा घरे माझ्याकडून नियमित माल घेतात. त्यातून महिन्याला साधारण ९०० रुपये सुटतात. गेल्या वर्षी कंपनीकडून १९,४०० रुपये कमिशन मिळाले. आयडी चालू ठेवण्यासाठी दरमहा २,००० रुपयांची खरेदी करावी लागते, त्यातले निम्मे सामान एरवी मी घेतले नसते. सेमिनार, प्रवास आणि पुस्तके यांवर वर्षभरात ८,२०० रुपये गेले. आता अपलाइन, म्हणजे साखळीत माझ्या वर असलेल्या बाई, म्हणतात की विक्रीत वेळ घालवू नका, टीम बांधा. शंभर नावांची यादी करा, चहाला बोलवा, कंपनीचे नाव फोनवर सांगू नका, चेकचा फोटो स्टेटसला लावा. माझ्या यादीतले पहिले नाव पुतणीचे आहे. तिच्या नवऱ्याची पीथमपूरची नोकरी सुटली आहे आणि ती म्हणते, “काकू, बांगड्या गहाण ठेवून ३०,००० चे पॅकेज घेते.” त्याखाली वर्गातल्या मुलींची नावे आहेत. आधी मी दोघींना जोडले होते. त्यातली एक थांबली आणि तिच्या कपाटात माल पडून आहे. हे काम लबाडी न करता करता येते का? आणि आमच्या मंडळाच्या आनंदमेळ्यात स्टॉल लावावा का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या गोष्टींपैकी पुतणीची गोष्ट थांबून राहणारी नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. तिला बांगड्या गहाण ठेवू देऊ नका, आणि घरात पुन्हा नियमित पगार येईपर्यंत तिला आपल्या हाताखाली जोडूही नका. ती स्वतः मागे लागली तरीही नाही. तुमच्या अपलाइन म्हणतील की गरज असलेला माणूसच जीव तोडून काम करतो. माझे मत नेमके उलटे आहे. ज्या घरात या महिन्याचा किराणा कुठून यायचा याची चिंता आहे, त्या घरातल्या बाईला सहा महिन्यांनी कदाचित मिळणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब शांतपणे करता येत नाही, आणि ज्याला हिशेब करता येत नाही त्याची संमती ही पुरी संमती नव्हे. सराफ्यातल्या पेढीवर ठेवलेल्या सोन्याचे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते.

पॅकेजबद्दलही नीट समजून घ्या. थेट विक्रीच्या, म्हणजे तुमच्या कंपनीसारख्या दुकानाशिवाय विक्रेत्यांमार्फत माल विकण्याच्या, व्यवसायात येण्यासाठी प्रवेश शुल्क किंवा नोंदणी शुल्क घेता येत नाही, हे आपल्या देशातल्या नियमांत स्पष्ट आहे. म्हणून अनेक ठिकाणी शुल्काऐवजी मालाचे मोठे पॅकेज पुढे केले जाते आणि ते घेतले तर वरच्या पायरीपासून सुरुवात होईल असे सांगितले जाते. विकता किंवा वापरता येईल त्यापेक्षा अवाजवी प्रमाणात माल घ्यायला कोणत्याही विक्रेत्याला भाग पाडणे, किंवा तसे करण्यास उत्तेजन देणे, याचीही नियमांत मनाई आहे. जिच्याकडे आज एकही गिऱ्हाईक नाही, तिच्यासाठी ३०,००० चा माल वाजवी आहे असे मला तरी म्हणता येणार नाही.

तुमच्या मनात अजूनही दुमत असेल, तर एक गोष्ट करून पाहा. तिने हे पॅकेज घेतले तर तुमच्या खात्यात नेमके किती रुपये येतील, तुमच्या वरच्या बाईंच्या खात्यात किती जातील, हे कंपनीच्या प्लॅनमधून काढा आणि तो आकडा पुतणीला समोरासमोर, तिच्या नवऱ्याच्या देखत सांगता येतो का ते पाहा. सांगताना जीभ अडखळत असेल, तर तो व्यवहार करू नये. तुम्ही तिचे हित पाहणाऱ्या काकू आहात आणि त्याच वेळी तिच्या खरेदीवर कमिशन घेणाऱ्या आहात, आणि यातली दुसरी ओळख तिला ठाऊक नसेल तर पहिल्या ओळखीच्या जोरावर तिच्याकडून घेतलेला होकार तुमच्याकडे टिकणार नाही.

तिला हात द्यायचाच असेल तर तुमच्याकडे तो देण्यासारखा आहे. फॉल-पिको, ब्लाउज, शाळेच्या गणवेशाची दुरुस्ती ही कामे तुमच्या वर्गातून तिला शिकता येतील आणि काही तुम्ही तिला देऊही शकाल. साबणाच्या विक्रीतच तिला रस असेल तर आयडी न घेता तुमच्या मालातल्या चार बाटल्या तिने तिच्या गल्लीत विकून पाहाव्यात आणि सुटलेले पैसे स्वतःकडे ठेवावेत. मात्र विकणाऱ्याचा कंपनीशी आधी लेखी करार असावा असा नियम असल्याने, ओळखीच्या दोन-चार घरांपलीकडे हे वाढू लागले तर तिला रीतसर कागद करावा लागेल. त्या वेळेपर्यंत तिला स्वतःलाच कळलेले असेल की हे काम आपल्याला जमते की नाही, आणि त्यासाठी एकही बांगडी मोडलेली नसेल.

वर्गातल्या मुलींबद्दल मी याहून कडक आहे. ज्या बाई शिकवतात, ज्यांच्या हातून काम तपासले जाते, ज्यांच्या ओळखीने पुढे एखाद्या बुटीकमध्ये शिवायला जाता येईल, त्या बाईंना ‘नको’ म्हणणे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला जमत नाही. ती घरून पैसे मागून आणेल किंवा आईला खोटे सांगेल, पण तुमच्यासमोर मान डोलावेल. त्यामुळे वर्ग चालू असेपर्यंत त्या मुलींची नावे यादीतून काढाच. वर्ग सोडून गेलेली एखादी मुलगी पुढे आपणहून विचारायला आली, तर तिच्याशी इतर कोणाशीही बोलाल तसे बोला.

हाच विचार जरा पुढे नेला तर यादीतली आणखी बरीच नावे गळतील, याची मला कल्पना आहे. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत, पण गणपती, हळदीकुंकू, मुंज, लग्न यांत भेटणारी माणसे शेवटी तीच ती असतात. घरकामाला येणाऱ्या मावशी, उसने पैसे घेतलेली शेजारीण, तुमच्या यजमानांच्या हाताखाली काम करणाऱ्याची बायको, या साऱ्यांना तुम्हाला नकार देणे अवघड जाते, आणि प्रशिक्षणात पहिली यादी नातलगांची व ओळखीच्यांची करायला सांगतात ती याच अवघडलेपणावर भिस्त ठेवून. माणूस जोडताना मी सर्वांत आधी हेच पाहीन की समोरच्या व्यक्तीला काहीही न गमावता मला नकार देता येतो का. तो देता येत नसेल तर तिथे बाकीची सारी सचोटी, खरी माहिती, पावती, करार, सगळे असूनही जोडणी योग्य ठरत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे काम लबाडी न करता करता येते, पण तुमच्या अपलाइन दाखवतात त्या रूपात नाही. कायदा दोन गोष्टींत फरक करतो. माल थेट ग्राहकाला विकणे आणि ती विक्री करणाऱ्यांचे जाळे उभारणे याला मान्यता आहे. नवी माणसे आत आली की त्यांच्या पैशातून आधीच्यांना मोबदला मिळतो, त्या व्यवस्थेला मात्र मान्यता नाही. १९७८ च्या प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजना बंदी कायद्याने अशा पैसाफिरवी योजना चालवण्यावर बंदी घातली, आणि पुष्कळांना माहीत नसते की त्या कायद्यात योजना चालवणाऱ्यांबरोबर तिचे सभासद होणे, तिच्यात भाग घेणे आणि त्यापोटी पैसे घेणे किंवा पाठवणे हेही निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची, दंडाची किंवा दोन्हींची होऊ शकते. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम अधिसूचित झाले, ज्यांत पिरॅमिड योजनेला, म्हणजे नव्या माणसांच्या भरतीवर चालणाऱ्या साखळीला, पुन्हा स्पष्ट मनाई आहे. तुमच्या पत्राच्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे कलम असे की, नव्या विक्रेत्याला जोडताना दिशाभूल करणारी, फसवी किंवा अनुचित पद्धत वापरता येत नाही, प्रत्यक्ष किंवा संभाव्य विक्रीबद्दल व कमाईबद्दल खोटे चित्र उभे करता येत नाही, पडताळता येणार नाही असे विधान करता येत नाही आणि पाळता येणार नाही असे वचन देता येत नाही. हे बंधन कंपनीच्या मुख्यालयापुरते नाही. ते विक्रेत्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे.

तुमची कंपनी कोणत्या बाजूला बसते हे तिच्या पत्रकापेक्षा तुमच्या स्वतःच्या आकड्यांवरून लवकर कळेल, म्हणून मी तुमच्याच पत्रातले आकडे मांडते. कमिशन १९,४००. सेमिनार, प्रवास, पुस्तके ८,२००. राहिले ११,२००. आयडी चालू ठेवण्यासाठी वर्षाला २४,००० ची खरेदी, तिच्यातली निम्मी तुम्ही एरवी केली नसती, म्हणजे १२,०००. म्हणजे टीमच्या वाटेने वर्षाअखेरीस तुम्ही ८०० रुपये तोट्यात आहात. दुसरीकडे दहा-बारा घरांना केलेल्या विक्रीतून दरमहा ९०० प्रमाणे १०,८०० रुपये आले. तुमची वर्षाची खरी कमाई १०,००० रुपये आहे आणि ती सगळीच्या सगळी त्या विक्रीतून आली आहे, जिच्यात वेळ घालवू नका असे तुम्हाला सांगितले जाते. तुमच्या अपलाइनना विक्रीपेक्षा टीम मोलाची का वाटते, हे मग वेगळे सांगायला नको. आणि यात तुमच्या श्रमाचे तास मी धरलेलेच नाहीत. शिवणाच्या दराने ते धरले तर चित्र आणखी पडेल.

टीमच्या गणिताविषयी एकच हिशेब करून पाहा. फळ्यावर नेहमी काढतात तसे, एकीने सहा जणी जोडायच्या, त्या सहांनी प्रत्येकी सहा. आठव्या पायरीवर १६,७९,६१६ माणसे लागतात आणि पहिल्या आठ पायऱ्यांची बेरीज २० लाखांच्या वर जाते. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहराची लोकसंख्या साधारण तेवढीच होती, तीही पाळण्यातल्या मुलांसह. नवव्या पायरीला एक कोटीहून अधिक माणसे हवीत. प्रत्यक्षात इतकी पूर्ण साखळी कुठेच होत नाही, ती मधेच तुटते, हे खरे आहे. पण ती कुठेही तुटली तरी सहाच्या हिशेबात दर सहा माणसांतली जवळजवळ पाच सगळ्यात खालच्या पायरीवर असतात आणि त्यांच्या खाली कोणी नसते. त्यामुळे खालच्या पायरीवरच्या बाईला केवळ वस्तू विकून काही सुटते का, हाच प्रश्न उरतो. सुटत असेल तर तो व्यवसाय आहे.

अमेरिकेत हा वाद आपल्या आधी झाला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने १९७५ मध्ये कॉस्कॉट या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात जी कसोटी लावली ती अशी की, माणूस पैसे भरून माल विकण्याचा हक्क घेतो आणि त्याबरोबर इतरांना भरती केल्याबद्दल, अखेरच्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसलेला मोबदला मिळवण्याचा हक्कही घेतो, तेव्हा ती पिरॅमिड असते. १९७९ मध्ये ॲमवे या थेट विक्री कंपनीच्या प्रकरणात त्याच आयोगाने ती कंपनी पिरॅमिड नाही असा निर्णय दिला. त्यामागे कंपनीचे काही नियम होते : वितरकाने महिन्याला घेतलेल्या मालापैकी निदान ७० टक्के विकलेला असावा, बोनस हवा असेल तर महिन्याला दहा वेगवेगळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री केलेली असावी, आणि न विकलेला माल परत घेतला जावा. पण त्याच आदेशात वितरकांच्या कमाईचे फुगवलेले दावे करू नका असेही कंपनीला बजावले गेले, ही बाजू सेमिनारमध्ये क्वचितच सांगतात. तो कायदा आपल्याला लागू नाही, तरी दहा ग्राहकांचा आणि सत्तर टक्क्यांचा दंडक स्वतःपुरता आणि ज्यांना जोडाल त्यांच्यापुरता पाळायला हरकत कसली? तुमची दहा-बारा घरे आहेतच. ज्या बाईकडे अशी दहा घरे अजून नाहीत, तिला पुढची माणसे जोडायला तुम्ही सांगू नका, मग प्लॅन काहीही म्हणो.

यावरून कोणाला विचारावे याचेही उत्तर मिळते. जी बाई सहा-आठ महिने तुमच्याकडून वस्तू विकत घेते आहे, तिला ती किंमत परवडते आहे, आणि शेजारणीने विचारल्यावर तिने आपणहून तुमचे नाव सांगितले आहे, अशा बाईशी बोलायला अर्थ आहे. तिला माल ठाऊक आहे, तिला नकार देता येतो, कारण तिचा तुमच्याशी संबंध गिऱ्हाइकाचा आहे, आणि उद्या तिने आयडी सोडला तरी ती ग्राहक म्हणून टिकेल. शंभर नावांच्या यादीत अशी चार नावे निघाली तरी खूप झाली.

चहाच्या निमंत्रणाला माझा ठाम विरोध आहे. घरी बोलावलेल्या माणसाला आपण पाहुणा समजतो आणि तोही पाहुण्याच्या संकोचाने येतो. समोर पोह्यांची बशी ठेवून त्याच्यापुढे लॅपटॉप उघडला की त्याला उठताही येत नाही. थेट विक्रीच्या नियमांत बोलणे सुरू करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकतो आणि कशासाठी आलो हे खरेपणाने सांगावे, कोणाच्या घरी जाताना ओळखपत्र असावे आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतलेली असावी असे आहे. ग्राहकाला जे सांगायचे तेच ज्याला जोडायचे आहे त्यालाही सांगायला हवे, आणि कंपनीचे नाव लपवून बोलावणे हे मला तरी दिशाभूलच वाटते. निरोप पाठवायचा तर असा पाठवा : “नमस्कार. मी अमुक कंपनीची थेट विक्रेती आहे. तुम्ही गेले काही महिने माझ्याकडून साबण घेता. तुम्हाला स्वतः हे विकण्यात रस असेल तर सांगा, मी माझा वर्षाचा हिशेब दाखवीन. तुम्ही माझ्यामार्फत जोडल्या गेलात तर तुमच्या खरेदीवर मला कमिशन मिळते. रस नसेल तर उत्तर देण्याचीही गरज नाही, माल नेहमीसारखा मिळत राहील.” या निरोपाला थोडी उत्तरे येतील. जी येतील ती जाणूनबुजून आलेली असतील.

चेकचा फोटो स्टेटसवर लावू नका. तुमचा एक चांगल्या महिन्याचा चेक खरा असेल, पण पाहणाऱ्याला तो दरमहाचा वाटतो आणि त्यामागचा खर्च दिसत नाही. दाखवायचे तर वर मांडला तसा पूर्ण वर्षाचा हिशेब दाखवा, आणि ८०० रुपयांच्या तोट्याची ओळ खोडू नका. अपलाइनच्या गाडीचे, परदेश दौऱ्याचे फोटोही पुढे पाठवू नयेत. तुम्ही त्यांचे खाते पाहिलेले नाही, म्हणजे ते विधान तुम्हाला पडताळता येत नाही, आणि नियम नेमके तेच करू नका म्हणतो. कमाईबद्दल कोणी फारच मोठे आकडे सांगू लागले तर त्यांना आयकर विवरणपत्र दाखवा म्हणा, विषय बहुधा तिथेच बदलेल.

प्रोटीन पावडरविषयी दोन वाक्ये, कारण तुमच्या गटात ‘साखर उतरते’ असे अनुभव फिरत असणार. पूरक आहाराच्या पाकिटावर रोग बरा होतो असे म्हणता येत नाही आणि जे पाकिटावर लिहिता येत नाही ते तोंडीही सांगू नये. कोणा आजीबाईंनी तुमच्या शब्दावर मधुमेहाची गोळी बंद केली तर त्याची भरपाई कोणत्याही कमिशनमधून होणार नाही.

आता थांबलेल्या बाईंविषयी. हे काम आधी करा, नवी एकही व्यक्ती त्यानंतर. त्यांच्या घरी जाऊन न उघडलेला माल, त्याच्या पावत्या आणि वापराची मुदत एका कागदावर लिहून घ्या. त्यांचा करार वाचा आणि त्यात माल परत घेण्याची व करारातून विनादंड बाहेर पडण्याची मुदत किती आहे ते पाहा. बाहेर पडण्यासाठी अशी मुदत द्यावी ही अपेक्षा केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांपासून आहे. परतीचा अर्ज त्यांच्या नावाने लेखी करा आणि तो कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. हा अधिकारी नेमणे कंपनीवर बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण सर्वसाधारणपणे एक महिन्यात व्हायला हवे. काहीच झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि त्यानंतर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

मुदत उलटून गेली असेल तर? तर जो माल विकण्यासारखा आहे तो तुम्ही तुमच्या घरांना विकून त्यांचे पैसे त्यांना द्या, आणि त्यांच्या खरेदीवर तुम्हाला मिळालेले कमिशन त्यांना परत करा. कायदा तुम्हाला हे करायला सांगत नाही. मी सांगते, कारण त्या बाई त्या वेळी मालावर विश्वास ठेवून आल्या नव्हत्या, तुमच्यावर ठेवून आल्या होत्या. दुसऱ्या ज्या अजून चालू आहेत, त्यांनाही बसवून त्यांच्या वर्षाचा हिशेब करायला मदत करा. तो तोट्याचा निघाला तर त्यांना तसे सांगा, तुमच्या टीममधली एक ओळ कमी झाली तरी चालेल.

अपलाइनशी वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. त्यांना लेखी, थोडक्यात कळवा की तुम्ही विक्री चालू ठेवाल, नाव लपवून बोलावणार नाही, कमाईचे फोटो लावणार नाही आणि सेमिनारचे तिकीट किंवा पुस्तके सक्तीने घेणार नाही. प्रशिक्षण साहित्य विकत घ्यायला भाग पाडण्यासही नियमांत मनाई आहे, हे त्यांना ठाऊक असेल असे गृहीत धरू नका. दरमहाच्या २,००० च्या खरेदीबद्दल कंपनीलाच विचारा : ती अट करारात लिहिलेली आहे की फक्त कमिशन मिळण्यासाठी आहे? फक्त कमिशनसाठी असेल, तर ती सोडून देऊन घरात लागेल तेवढेच घ्या. तुमच्या आकड्यांवरून पाहता तुमचे नुकसान होणार नाही. ‘नकारात्मक लोकांपासून दूर राहा’ हा उपदेश तुम्हाला मिळेलच, आणि त्यात तुमचे यजमान, भाऊ, मी, सगळेच मोडू. ज्या गटात हिशेब विचारणाऱ्याला नकारात्मक ठरवले जाते, त्या गटाच्या सभेला मी स्वतः जाणार नाही. त्यांनी अट घातली की टीम नसेल तर विक्रीही करता येणार नाही, तर आयडी बंद करण्याचा अर्ज द्या.

मंडळाच्या आनंदमेळ्यातला स्टॉल जरूर लावा. त्याआधी करारात असे स्टॉल लावण्याविषयी काय म्हटले आहे ते पाहा, आणि मंडळाच्या कार्यकारिणीला कंपनीचे नाव अर्जातच लिहून द्या, म्हणजे कोणाला नंतर धक्का बसणार नाही. टेबलावर ओळखपत्र, किमतींचा फलक, माल परत करण्याच्या अटी आणि पावतीपुस्तक ठेवा. नावे आणि फोन नंबर लिहून घेण्याची वही ठेवू नका. ज्यांना पुन्हा माल हवा असेल ते पावतीवरचा तुमचा नंबर पाहून फोन करतील.